वासराच्या पुढ्यातलं पन्हाळ

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं होतं, "सून कारखान्यात चित्रं काढती." मी ते स्वयंपाकघरातून ऐकलं आणि दुरुस्त करायला बाहेर गेले नाही, कारण त्यात चूक काही नव्हती. लातूरच्या एमआयडीसीत मळणी यंत्रं बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात मी तीस वर्षं चित्रंच काढली. आधी बोर्डावर पेन्सिलीनं, नंतर संगणकावर. पदाचं नाव डिझाइन अँड डेव्हलपमेंट इंजिनिअर. कार्ड छापून आलं तेव्हा ते एका ओळीत मावलं नव्हतं. डिझाइन म्हणजे कागदावर यंत्र उभं करणं, आणि डेव्हलपमेंट म्हणजे तो कागद शेतात खोटा ठरला की पुढं जे काही निस्तरावं लागतं ते. माझी बहुतेक नोकरी या दुसऱ्या शब्दात गेली.

माझं माहेर नायगाव तालुक्यातलं, शेतकऱ्याचं. डिप्लोमा नांदेडला केला. वर्गात आम्ही दोघीच मुली होतो आणि दुसरीनं पुढं शाळेत नोकरी धरली. मी या कारखान्यात आले तेव्हा मालकांनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, "शेडमध्ये ऊन लई असतं, चालेल का?" मी म्हटलं, "आमच्या शेतातही ऊनच असतं." त्यांनी सोमवारपासून यायला सांगितलं.

ज्यांनी मळणी यंत्र जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कापलेलं सोयाबीन शेतात एका जागी रचून ठेवतात. त्या ढिगाला आमच्याकडं बनीम म्हणतात. यंत्र त्या बनमीजवळ नेऊन उभं करायचं आणि ट्रॅक्टरच्या जोरावर फिरवायचं. आत लोखंडी दाते असलेला ड्रम असतो. तो शेंगा फोडतो, खालच्या जाळीतून दाणे पडतात आणि पंखा भुसा उडवून लावतो. एवढंच. यात अवघड काही नाही, आणि धोक्याची जागा एकच आहे: माल आत जातो ते तोंड. ऑपरेटर तिथं उभा राहून दिवसभर हातानं माल घालतो. तोंडापासून दात्यांपर्यंतचं अंतर जितकं कमी, तितका त्याच्या हाताचा भरवसा कमी. म्हणून तोंडाला एक लांब पत्र्याचं पन्हाळ जोडतात. अर्धं उघडं, दात्यांकडचं अर्धं वरून झाकलेलं. माणसाचा हात पुरणार नाही इतकं लांब असलं म्हणजे झालं.

हे पन्हाळ माझं पहिलं स्वतंत्र काम नव्हतं, पण पहिलं असं काम होतं ज्याचा मला गर्व होता. आमच्या शॉपचे प्रमुख मोईनभाई. पत्रा कापण्यापासून वेल्डिंगपर्यंत सगळं त्यांच्या हाताखाली. मी त्यांना म्हटलं, आपल्याला लोकांच्या हातांची लांबी मोजायची आहे. त्यांनी शॉपमधली सगळी माणसं रांगेत उभी केली आणि मी टेप घेऊन खांद्यापासून बोटांपर्यंत एकेकाचा हात मोजला. सगळ्यात लांब हात खुद्द मोईनभाईंचा निघाला. "म्याडम, शिंप्याला बी एवढं माप दिलं न्हाई कधी," ते म्हणाले. त्यांच्या हातापेक्षा वीतभर लांब पन्हाळ मी काढलं. शिवाय रस्त्यानं नेताना ते आडवं येऊ नये म्हणून ते चार नटांवर बसवलं. त्या नटांना पंख होते, म्हणजे पाना न लावता नुसत्या बोटांनी ते सुटायचे. या सोयीचं मालकांनीही कौतुक केलं.

मे महिन्यात आम्ही चाचणी घेतली. मेमध्येच का, तर तेव्हा कारखान्याला सवड असते. हंगामात कुणाला श्वास घ्यायला वेळ नसतो. मागच्या वर्षीचा थोडा माल आम्ही खास चाचणीसाठी शेडमध्ये राखून ठेवलेला होता. कडकडीत वाळलेला, हात लावला की मोडायचा. सिमेंटच्या सपाट जमिनीवर यंत्र उभं केलं आणि दोन तास माल घातला. पन्हाळात एक काडी अडकली नाही. मी ड्रॉइंगवर सही केली. ही सही पुढं मला बराच काळ आठवत राहिली.

त्या वर्षी यंत्रं चांगली गेली. गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची यायची. हिमायतनगरकडचे एक म्हातारे शेतकरी स्वतःच्या शेतातलं अर्धं पोतं सोयाबीनचं काड घेऊन आले होते. यंत्राभोवती तीन फेऱ्या मारल्या, वाकून दाते बघितले, बाजारात बैल बघावा तसं. मग चालू करायला लावलं आणि पंख्याला कान लावून उभे राहिले. मी विचारलं, "काय ऐकताय काका?" तर म्हणाले, "मी काई ऐकून नाही राहिलो बाई. ते माझं ऐकते का, पाहून राहिलो." यंत्र घेतलं त्यांनी. पुढं सात-आठ वर्षं त्यांची एकही तक्रार आली नाही, तेव्हा बहुधा ऐकत असावं.

तक्रार आली ती दुसरीकडून. विक्रेते म्हणू लागले, तुमचं यंत्र हळू चालतं. मालकांनी मला सांगितलं, जा आणि बघून या. ऑक्टोबरच्या अखेरीला मी आणि मोईनभाई जीप घेऊन देवणी तालुक्यात गेलो. पहिलंच गाव, पहिलंच घर माधवरावांचं. त्यांचं स्वतःचं शेत होतंच, शिवाय हंगामात ते यंत्र गावोगाव भाड्यानं फिरवायचे.

अंगणात कडुनिंबाखाली एक वासरू बांधलेलं होतं, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, अस्सल देवणी. ते मान खाली घालून मनापासून चारा खात होतं. कशातून खातंय ते मला आधी ओळखू आलं नाही. मग आमच्या कारखान्याचा निळा रंग दिसला आणि त्यावर मीच मजकूर लिहून दिलेलं पिवळं स्टिकर: सावधान, आत हात घालू नये. चार दगडांवर नीट तोल साधून माझं पन्हाळ ठेवलं होतं आणि वासराचं तोंड झाकलेल्या भागापर्यंत आत गेलं होतं.

माधवरावांच्या पत्नी चहा घेऊन बाहेर आल्या. "लई चांगली वस्तू दिलीत बाई," त्या म्हणाल्या. "आधी निम्मा चारा पायाखाली जायचा. आता बघा, एक काडी सांडत न्हाई."

माधवरावांनी त्यात भर घातली. "म्याडम, अशी अजून दोन सुटी द्या बनवून. मोठ्या जनावराला बी होतील."

मोईनभाई हसू लागले आणि मीही हसले. पोट धरून हसले. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण या लेखात कबूल करण्यासारखं जे आहे ते हेच आहे. चार नट बोटांनी सोडवून त्यांनी माणसाचा हात वाचवणारी वस्तू वासरापुढं ठेवली होती, आणि ती बनवणारी मी तिथं उभी राहून चहा पीत हसत होते.

चहा झाल्यावर आम्ही शेतात गेलो. यंत्रावर त्यांचा ऑपरेटर होता ज्ञानोबा. पस्तिशीचा, बुटका, कामाला विजेसारखा. पन्हाळ नसलेल्या तोंडाशी तो एका दगडावर उभा राहून माल घालत होता. मी विचारलं, "का काढलं रे ते?"

"अडकतंय म्याडम," तो हात न थांबवता म्हणाला. "ओला माल असला की तोंडातच बसतोय. ढकलायला काठी घ्यावी तर काठीच गुंतती. हातानं बरं पडतंय."

"लावून घे पण. हात सांभाळ," मी म्हटलं. बस, एवढंच म्हटलं. लातूरला परत येऊन मी वासराची गोष्ट सगळ्यांना सांगितली. मालक हसले, हिशेबनीस हसले, दिवाळीच्या फराळाला आलेले पाहुणे हसले. वर्षभर ती माझी हमखास हसवणारी गोष्ट होती.

पुढच्या हंगामात माधवरावांचा फोन आला. ड्रमचं बेअरिंग गेलं होतं, ते पाठवून द्या म्हणाले. मी बेअरिंगचा नंबर लिहून घेतला. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "आणि म्याडम, ज्ञानोबाचा हात गेला बघा. उजवा. चार बोटं. अंगठा तेवढा राहिला."

मी कागदावर बेअरिंगचा नंबर पुन्हा एकदा लिहिला.

त्यानंतर वासराची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. पण रागानं जे केलं ते सांगायला हवं. मी ठरवलं की पन्हाळ काढलं तर यंत्र चालताच कामा नये. ड्रमचा पट्टा ताणून धरणारी पुली मी पन्हाळाच्या चौकटीवरच बसवली. पन्हाळ काढलं की पट्टा सैल, पट्टा सैल की ड्रम बंद. पंखांचे नट गेले, जाड बोल्ट आले. ड्रॉइंग बघून मालकांनी कपाळाला हात लावला. "लोक शिव्या घालतील," ते म्हणाले. "घालू द्या," मी म्हटलं. मोईनभाई काहीच बोलले नाहीत. त्यांचं गप्प बसणं मला तेव्हा पाठिंबा वाटलं.

पुढचा हंगाम सुरू होऊन आठ दिवस झाले नसतील, एका विक्रेत्यानं मला एक लोखंडी पट्टी आणून दाखवली. उदगीरकडच्या कुठल्याशा वेल्डरनं ती बनवली होती. ती यंत्राला जोडली की पुली तिच्यावर बसते आणि पन्हाळ खुशाल काढता येतं. पट्टी सुबक होती. भोकं अगदी मापात होती. वेल्डर दहावी तरी होता की नाही कुणास ठाऊक, पण माझ्यापेक्षा त्याला गिऱ्हाईक जास्त कळत होतं.

मोईनभाईंनी पट्टी हातात फिरवून बघितली. "म्याडम, बुरा मत मानो," ते म्हणाले. "आपण ते बाहेर निघू नये म्हणून लई डोकं लावलं. ते आत का ठेवू वाटत न्हाई, ते कुणी इचारलंच न्हाई."

मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी त्यांना म्हटलं, जीप काढा.

ज्ञानोबा घराच्या ओट्यावर बसला होता. उजव्या हातावर दस्ती, म्हणजे खांद्यावरचा रुमाल, गुंडाळलेली होती. हंगामात माधवराव त्याला पोत्यांची तोंडं शिवायचं काम देत होते, पण डाव्या हातानं दाभण नीट चालत नव्हतं. त्याची बायको रुक्मिण दारात उभी राहून आमच्याकडं बघत होती. या बसा असं तिनं म्हटलं नाही, आणि ते तिचं बरोबरच होतं.

मी ज्ञानोबाला म्हटलं, "पन्हाळात माझी काय चूक झाली, ते सांग."

"तुमची कशाची चूक? काढलं आम्ही."

"का काढलं ते सांग. सगळं सांग."

मग तो बोलू लागला. परतीचा पाऊस झाला की बनीम वरून वाळलेली दिसते, पण आतून ओली असते. सकाळी दव असतं. तसला माल पन्हाळात सरकत नाही, चिकटून बसतो. पन्हाळ त्याच्या छातीच्या वर येतं, कारण शेतात जमीन कुठं सपाट असते? दगडावर उभं राहावं तर दगड हलतो. पुढचा शेतकरी बांधावर येऊन बसलेला असतो, वर आभाळ भरलेलं असतं आणि थांबायला कुणी तयार नसतं. शेवटी तो म्हणाला, "आणि म्याडम, त्या झाकणाखाली दिसतच न्हाई काही. माल गेला का अडकला, कळत न्हाई. डोळ्याला दिसलं न्हाई की हात बघाय जातोय."

मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. तीस वर्षांत कुठल्या पुस्तकातून किंवा प्रशिक्षणातून यापेक्षा कामाचं वाक्य मला मिळालं नाही. मी हातांची लांबी मोजली होती. उंची मोजली नव्हती, ओल मोजली नव्हती, आणि माणसाला आत बघावंसं वाटतं हे तर माझ्या गावीही नव्हतं. मेमध्ये वाळलेला माल घालून ऑक्टोबरचं यंत्र पास केलं होतं. मळणीच्या दिवसांतला चिखल बघत वाढलेल्या शेतकऱ्याच्या मुलीनं ही चूक करावी, याची मला अजून लाज वाटते.

नवीन पन्हाळ आम्ही त्या हंगामातच बनवायला घेतलं. मालकांना सांगितलं की चाचणी आत्ता, ओल्या मालावर, किंवा मग माझ्या सहीविना. ते म्हणाले, "तुमच्या सहीविना आम्ही काय चहा बी करत न्हाई." तिरकस होतं, पण परवानगी होती. पन्हाळाचा तळ रुंद केला, उतार वाढवला. दात्यांना अगदी लागून माल ओढून घेणारा एक छोटा रोलर बसवला. ऑपरेटरला उभं राहायला यंत्रालाच दुमडणारी पायरी जोडली. आणि वरच्या झाकणात जाळीची खिडकी कापली, आतलं दिसावं म्हणून.

चाचणीला मी ज्ञानोबाला बोलावलं. बोलवावं की नाही याचा आठवडाभर विचार केला होता. तो आला, बरोबर रुक्मिणही आली. शेडमध्ये पाय ठेवताच तिनं विचारलं, "बंद कुठून होतंय हे?" मोईनभाईंनी ट्रॅक्टरचा दांडा दाखवला. ती जाऊन त्या दांड्यावर हात ठेवून उभी राहिली.

आम्ही रबरी नळीनं माल भिजवला. ज्ञानोबा पायरीवर चढला आणि डाव्या हातानं माल घालू लागला. पहिल्या दोन वेळा अडकला. रोलरचं अंतर बदललं. तिसऱ्यांदा गेला. ज्ञानोबा मान वाकडी करून जाळीतून आत बघत होता आणि मी त्याच्या कोपराकडं बघत होते. जेवायची सुट्टी झाली तरी रुक्मिण दांडा सोडेना. मी तिला भाकरी खायला बोलावलं, तेव्हा तिनं आधी ट्रॅक्टरची चावी काढून स्वतःच्या कमरेला खोचली.

जेवताना ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "बंद करायचा दांडा एवढ्या लांब कशापायी? ज्याचा हात आत जातोय, त्याच्यापाशी का न्हाई?"

त्या दिवशी ते यंत्र तयार झालं असं आम्ही समजत होतो. ते पुन्हा महिनाभर लांबलं, कारण ऑपरेटरच्या कमरेशी एक आडवी दांडी बसवायची होती. पोटानं ढकलली की पट्टा सैल होतो. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'सूचना कुणाची' असा एक रकाना असतो. बहुतेक वेळा तो मोकळा राहतो. तिथं मी दोघांची नावं लिहिली. मालकांनी विचारलं, ही कोण माणसं? मी सांगितलं. त्यांनी ड्रॉइंग खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि सही केली.

यानंतर ज्ञानोबा पुन्हा यंत्रावर जाणार की नाही हे घर ठरवणार होतं. रुक्मिण एक हंगाम नाही म्हणाली. दुसऱ्या हंगामात माधवरावांनी नवं यंत्र घेतलं, तेव्हा तिनं स्वतः जाऊन दांडी पोटानं ढकलून बघितली, तीनदा, आणि मग हो म्हणाली. हे मला माधवरावांनी फोनवर सांगितलं.

मी निवृत्त होण्याआधीच्या ऑक्टोबरमध्ये शेवटचा दौरा मुद्दाम देवणीचाच घेतला. मोईनभाई तोवर घरी बसले होते, गुडघ्यांनी. मी एकटीच गेले. कडुनिंबाखाली दुसरं वासरू होतं. पन्हाळ मात्र तेच. निळा रंग कधीच गेला होता आणि स्टिकरच्या जागी चिकट पिवळा डाग उरला होता.

शेतात ज्ञानोबा पायरीवर उभा राहून माल घालत होता. नवं पन्हाळ जागेवर होतं. बोल्ट गंजलेले होते, म्हणजे कुणी ते सोडवलेले नव्हते. मला बघून त्यानं पोटानं दांडी ढकलली. ड्रम थांबला.

मी वाकून पन्हाळात डोकं घातलं. खालच्या पत्र्यावरचा रंग काडानं घासून पार गेलेला असतो, त्यात नवल नाही. पण झाकणाच्या आतल्या बाजूलाही रंग उडालेला होता. तिथं काड लागत नाही. तिथं बोटं लागतात. लखलखीत घासलेला पट्टा झाकणाच्या कडेपासून आत गेला होता, चांगला आतपर्यंत, आणि एका जागी संपला होता. त्यापुढं निळा रंग जसाच्या तसा होता.

"ज्ञानोबा," मी म्हटलं, "अजून हात आत घालतोस?"

"जातोय म्याडम. सवय हाय." तो खाली उतरला आणि माझ्याशेजारी वाकला. "ही समदी खूण डाव्याची हाय."

मी पर्समधून टेप काढला. ड्रमचे दाते जिथं सुरू होतात तिथपासून त्या खुणेपर्यंत मोजलं. वीतभर आणि वर दोन बोटं अंतर उरलं होतं. मी पुन्हा मोजलं. तितकंच आलं. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला पन्हाळाचा आडोसा बरा होता.

ज्ञानोबानं विचारलं, "बरोबर हाय का?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

त्यानं उजवा हात झाकणाखाली घातला आणि खुणेशी लावून बघितला. तो खुणेपर्यंत पोचला नाही. चार बोटं कमी पडली.

"आभाळ भरत चाललंय," तो म्हणाला, आणि पायरीवर चढला.